नशेच्या मोजणीची सव्वाशे वर्षे

फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने मादक पदार्थांच्या सेवनाविषयीच्या देशव्यापी पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. दिल्लीच्या ‘एम्स’मधील राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केलेल्या या पाहणीत दारू, गांजा, अफू, हेरॉइन, झोपेच्या गोळ्या, हुंगण्याची द्रव्ये अशा सगळ्यांचे आकडे होते. बातम्यांमध्ये झळकले ते किती कोटी लोक काय घेतात याचे आकडे. त्या अहवालातली सर्वांत मोलाची ओळ मात्र वेगळी होती. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसलेतरी उपचार मिळाले होते, आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेता आले ते १८० पैकी एकाला. हा आकडा त्याआधीच्या शंभर वर्षांतल्या कोणत्याही सरकारी दप्तरातून काढता आला नसता. दप्तरे कमी होती म्हणून नव्हे. अफूचा शेर न् शेर, देशी दारूचा गॅलन न् गॅलन, गांजाचा प्रत्येक परवाना या देशात काटेकोरपणे नोंदला जात होता. तरीही नशेत अडकलेल्या माणसाचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्या दप्तरांनी कधी विचारला नाही. मोजणी कोणासाठी केली जाते, त्यावर तिच्यातून काय दिसणार हे ठरते. तिजोरीसाठी मोजले तेव्हा माल दिसला, पोलिसांसाठी मोजले तेव्हा गुन्हा दिसला, आणि उपचारासाठी मोजले तेव्हाच आजारी माणूस दिसला. या सव्वाशे वर्षांच्या इतिहासातून निघणारा हा निष्कर्ष आजच्या धोरणालाही लागू आहे.

सुरुवात अबकारीपासून करावी लागते. १८७८ साली मुंबई इलाख्यासाठी अबकारी कायदा झाला आणि त्याच वर्षी हिंदुस्थानासाठी अफूचा कायदाही झाला. कोकणात ताडीमाडीच्या झाडांवर कर बसला आणि पिढ्यान्‌पिढ्या रस काढणाऱ्या भंडारी समाजाचा धंदा ठेकेदार आणि अधिकारी यांच्या हाती गेला. १८९२ च्या कायद्याने मोहफुलांचा साठा आणि वाहतूकही सरकारी नियंत्रणाखाली आली. या व्यवस्थेत नोंद ठेवणे अनिवार्य होते, कारण नोंद चुकली तर महसूल बुडे. म्हणून अबकारी खात्याचे वार्षिक अहवाल आजही इतिहासकाराला भक्कम साधन वाटतात. जिल्हावार दुकाने, विकलेले गॅलन, लिलावाची रक्कम, पकडलेल्या हातभट्ट्या सगळे त्यात आहे. त्यात नाही ते घर. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी शहरातल्या वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी हरकत घेतली. लोकांच्या आरोग्यासाठी खर्च करणारी नगरपालिका दारूमुळे होणाऱ्या हानीकडे काणाडोळा कसा करते, हा त्यांच्या हरकतीचा रोख होता. फुले जे बोलत होते त्याचा रकाना अबकारीच्या कोणत्याही तक्त्यात नव्हता. विक्री वाढली की सरकारी अहवाल त्याला लोकांची सांपत्तिक स्थिती सुधारल्याचे लक्षण म्हणू शके. त्याच वाढीचा अर्थ संसार मोडणे असाही असू शकतो, हे सांगायला दुसरी कोणतीही मोजणी हाताशी नव्हती.

ही उणीव पहिल्यांदा ठळकपणे उघडी पडली ती गांजाच्या निमित्ताने. मार्च १८९३ मध्ये डब्ल्यू. एस. केन या मद्यपानविरोधी खासदाराने ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न विचारला. बंगालमधल्या गांजाच्या लागवडीची आणि तिच्या सामाजिक व नैतिक परिणामांची चौकशी करावी, अशी मागणी पुढे आली. हिंदुस्थान सरकारने चौकशीची व्याप्ती साऱ्या देशापर्यंत वाढवली आणि इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमले. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे अध्यक्ष होते. सदस्यांमध्ये मुंबई इलाख्यातले कलेक्टर ओमनी, कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक वॉर्डन आणि ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर रॉय, कंवर हरनामसिंग, लाला निहालचंद हे तीन हिंदी सदस्य होते. कमिशनने १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवले. बंगालातल्या नौगावपासून आपल्याकडच्या अहमदनगर जिल्ह्यापर्यंत गांजाची शेती कशी होते, माल कसा तयार होतो, भांग कोण पितो आणि चिलीम कोण ओढतो, हे खंडच्या खंड भरून लिहिले. पण सगळ्या वादाचा केंद्रबिंदू एकच होता: गांजाने माणूस वेडा होतो का? होतो असे मानणाऱ्यांकडे एक पुरावा होता आणि तो साधासुधा नव्हता. सरकारी वेड्यांच्या इस्पितळांचे वार्षिक तक्ते वर्षानुवर्षे सांगत होते की, दाखल होणाऱ्यांपैकी मोठ्या हिश्श्याच्या वेडाचे कारण गांजा आहे.

कमिशनने या तक्त्यांवर विश्वास ठेवून पुढे जाण्याऐवजी त्यांच्या मुळाशी जायचे ठरवले. १८९२ या एका वर्षात देशभरच्या इस्पितळांत दाखल झालेले १,३४४ रुग्ण घेतले. त्यांपैकी २२२ जणांच्या, म्हणजे सुमारे साडेसोळा टक्क्यांच्या, नावापुढे गांजा किंवा तत्सम पदार्थ हे कारण नोंदले होते. त्यातल्या एकेका रुग्णाचे कागद काढले गेले, नातेवाईकांकडे आणि गावात चौकशी झाली, डॉक्टरांना विचारले गेले. छाननीनंतर २२२ चे ९८ उरले. त्यातही ३७ जणांच्या बाबतीत दुसरी कारणेही होती. म्हणजे हे सगळे ९८ धरले तरी प्रमाण ७.३ टक्क्यांवर आले. इतकी मोठी चूक झाली कशी, याचे उत्तर कागदाच्या प्रवासात सापडले. रस्त्यावर भटकणारा अनोळखी वेडा पोलिसांच्या हाती लागे. त्याच्यासोबत मॅजिस्ट्रेटकडे जाणाऱ्या वर्णनपत्रात वेडाचे कारण लिहायची जागा असे. कारण ठाऊक नसे, पण हा माणूस कधी गांजा ओढत होता एवढे कोणीतरी सांगे, आणि तेच कारण म्हणून लिहिले जाई. इस्पितळातला कारकून तो शब्द जसाच्या तसा नोंदवहीत उतरवी, नोंदवहीतून तो वार्षिक तक्त्यात जाई, आणि तक्ता छापला गेला की तोच वैद्यकशास्त्राचा पुरावा ठरे. शिपायाचा अंदाज अशा रीतीने शास्त्र होऊन बसला होता. आकडा जिथे जन्मतो त्या जागेपर्यंत मागे चालत जायचे, ही पद्धत या देशात व्यसनांच्या अभ्यासात पहिल्यांदा इतक्या मोठ्या प्रमाणावर वापरली गेली.

यावर एक रास्त आक्षेप आहे. कमिशन सरकारने नेमलेले होते, सरकारला गांजावरच्या करातून उत्पन्न मिळत होते, आणि कमिशनचा निष्कर्षही सरकारला सोयीचाच निघाला: माफक सेवनाने विशेष अपाय होत नाही, संपूर्ण बंदीची गरज नाही, कर आणि परवाने यांनी नियंत्रण ठेवावे. मग ती छाननी निःपक्षपाती कशी मानायची? शंका योग्य आहे, आणि ती त्या वेळीही होती. राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद या दोघांनी बहुमताशी असहमत होऊन स्वतंत्र मते नोंदवली. परंतु निष्कर्षातला स्वार्थ आणि पुराव्याची तपासणी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. बंदी हवी की नको हा धोरणाचा प्रश्न होता आणि त्यात महसुलाचा हात होता, हे मान्य करायलाच हवे. २२२ पैकी किती जणांच्या वेडाचा संबंध खरोखर गांजाशी होता, हा वस्तुस्थितीचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर ज्या रीतीने शोधले गेले ती रीत बंदीच्या समर्थकालाही वापरता आली असती. उलट कमिशनचा खरा दोष दुसरीकडे आहे. खोटे आकडे खोडून काढल्यावर खरे आकडे सतत गोळा होतील अशी व्यवस्था उभी राहिली नाही. अहवालाचे खंड कपाटात गेले आणि अबकारीची वही पूर्वीसारखीच चालू राहिली.

अफूच्या बाबतीत तर ही वही आंतरराष्ट्रीय मापदंडच बनली. १८९३ मध्येच लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली अफूसाठी रॉयल कमिशन नेमले गेले आणि १८९५ मध्ये त्याने व्यापार चालू ठेवण्याच्या बाजूने कौल दिला. पहिल्या महायुद्धानंतर लीग ऑफ नेशन्सने अफूच्या खपाला एक मर्यादा सुचवली: दर दहा हजार लोकसंख्येमागे वर्षाला सहा शेर. ज्या भागात खप याहून जास्त, तिथे गैरवापर आहे असे समजायचे. कल्पना चांगली होती, निदान तुलनेला काही आधार मिळाला. आसामात खप या मर्यादेच्या कित्येक पट असल्याचे त्यामुळेच ठसठशीतपणे मांडता आले आणि तिथल्या काँग्रेसने १९२५ मध्ये स्वतःची चौकशी करून अहवाल काढला. त्या कामात सी. एफ. अँड्र्यूज यांचा मोठा वाटा होता. पण दरडोई सरासरीत एक मूलभूत उणीव आहे. अफूला कधीही न शिवलेले नव्याण्णव लोक आणि रोज तोळाभर खाणारा एक, यांची ती एकच गोळाबेरीज करते. शिवाय अफू कोणाच्या पोटात जाते हे ती सांगत नाही. मुंबईच्या गिरणगावात ते एका वेगळ्या चौकशीतून कळले. गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या बाळंतपणाची स्थिती पाहण्यासाठी नेमलेल्या डॉ. बार्न्स यांनी १९२२ मध्ये नोंदवले की, या कामगार स्त्रियांच्या तान्ह्या मुलांपैकी शेकडा ९८ मुलांना अफू दिली जाते. आई पाळीवर गेली की मूल रडू नये, झोपून राहावे म्हणून बाळगोळी. दुकानातून विकत घेतलेल्या त्या अफूचे वजन अबकारीच्या हिशेबात बिनचूक जमा होत होते. घेणारा तीन महिन्यांचा आहे, हे मात्र त्या वहीला कळण्याचा मार्गच नव्हता. एका डॉक्टरने चाळीत जाऊन आयांना विचारले तेव्हा ते कळले.

स्वातंत्र्यानंतर हेतू बदलला, मोजणी फारशी बदलली नाही. राज्यघटनेच्या कलम ४७ ने औषधाखेरीज मादक पेये व पदार्थ यांच्या सेवनावर बंदी आणण्याचा प्रयत्न हे राज्याचे कर्तव्य ठरवले. १९४९ च्या अखिल भारतीय अफू परिषदेने दहा वर्षांत, म्हणजे मार्च १९५९ अखेर, औषधाखेरीज अफूचा पुरवठा टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरवले. त्यासाठी अफूच्या आहारी गेलेल्यांची नोंदणी झाली. नोंदलेल्याला वैद्यकीय दाखल्यावर ठरावीक मात्रा मिळे. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला, आणि त्यातून निघालेली परवान्याची पद्धत महाराष्ट्रात आजही कायद्याच्या पुस्तकात आहे. नोंदणी आणि परवाना यांना माणसांची मोजणी समजण्याचा मोह होतो, कारण त्यांत नावे असतात. पण नोंदणीत तोच येतो ज्याला नाव लिहून घेण्यात फायदा आहे किंवा न लिहिण्यात धोका आहे. परवाना न काढता पिणारा त्यात नसतो, चोरट्या बाजारातून घेणारा नसतो, बदनामीला भिणारा नसतो, आणि स्त्री तर जवळजवळ नसतेच. १९८५ मध्ये अमली पदार्थांविषयीचा एनडीपीएस कायदा आला आणि अफू, गांजा, चरस, हेरॉइन यांच्या आकड्यांची मुख्य जबाबदारी महसुलाच्या वहीकडून पोलिसांच्या ठाणे-डायरीकडे गेली. आता किती किलो पकडले आणि किती जणांना अटक झाली हे मोजले जाऊ लागले. हे आकडे गुन्ह्याच्या तपासासाठी लागतातच. त्यांवरून व्यसनाचा अंदाज बांधणे मात्र चुकीचे आहे. जप्ती वाढली याचा अर्थ माल वाढला, किंवा पहारा वाढला, किंवा एकच मोठा साठा योगायोगाने हाती लागला, यांपैकी काहीही असू शकतो. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंद्रा बंदरात जवळजवळ तीन हजार किलो हेरॉइन सापडले. त्यावरून गुजरातेत हेरॉइन ओढणारे किती, याचे काहीच उत्तर निघत नाही.

आजारी माणूस नोंदीत येऊ लागला तो उपचार केंद्रांच्या दारातून. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यासारख्या शहरांत गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, पसरली. तोवर दारूचे आणि अफूचे जुने व्यसनी पाहिलेल्या डॉक्टरांसमोर विशीतली मुले येऊ लागली. अनिल अवचटांच्या गर्दवरच्या लेखनाने हा विषय मराठी घरांत पोहोचवला. पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केले. एनडीपीएस कायद्याच्या कलम ७१ मध्येही व्यसनींच्या उपचारासाठी केंद्रे काढण्याची तरतूद होती, आणि पुढच्या काळात केंद्र सरकारच्या अनुदानावर देशभर स्वयंसेवी संस्थांची केंद्रे उभी राहिली. उपचार केंद्रात येणाऱ्याची माहिती विचारल्याशिवाय उपचारच सुरू होत नाहीत: काय घेतोस, किती वर्षांपासून, टोचून घेतोस का, पहिल्यांदा कोणत्या वयात घेतलेस, याआधी सोडायचा प्रयत्न केलास का, घरी कोण आहे. हे प्रश्न करासाठी नाहीत आणि खटल्यासाठीही नाहीत. उत्तर देणाऱ्याला खरे सांगण्यात स्वतःचा फायदा दिसतो. म्हणूनच शेकडो केंद्रांतले हे केसपेपर एकाच नमुन्यात भरून घेतले तर त्यातून देशाचे चित्र उभे राहील, हा विचार पुढे आला आणि त्यातून मादक पदार्थ सेवनाच्या देखरेखीची नोंदपद्धत तयार झाली.

२०००-२००१ मध्ये झालेल्या पहिल्या राष्ट्रीय पाहणीने ही नोंदपद्धत आणखी दोन साधनांशी जोडली. एकीकडे घरोघरी जाऊन ४०,६९७ जणांना प्रश्न विचारले. दुसरीकडे २०३ उपचार केंद्रांत तीन महिन्यांत नव्याने आलेल्या सुमारे १७ हजार रुग्णांची नोंद घेतली. तिसरीकडे १४ शहरांत रस्त्यांवर आणि अड्ड्यांवर ४,६४८ सेवन करणाऱ्यांना प्रत्यक्ष भेटून माहिती मिळवली. तिन्ही ठिकाणचे चित्र सारखे नव्हते, आणि म्हणूनच ही रचना शहाणपणाची होती. घरोघरच्या पाहणीत अफूजन्य पदार्थ घेणारे ०.७ टक्के निघाले, तर उपचार केंद्रांत आलेल्यांमध्ये त्यांचा वाटा २६ टक्के होता. पहिला आकडा व्यसनाचा पसारा सांगतो, दुसरा त्याची दाहकता. एकट्या कोणत्याही आकड्यावर धोरण बेतले असते तर ते चुकले असते. पण या पाहणीत एक मोठी त्रुटी होती: घरोघरच्या प्रश्नावलीत फक्त १२ ते ६० वयाचे पुरुष होते. स्त्रियांचा विचार वेगळ्या छोट्या अभ्यासात केला गेला. पाहणीचा अहवाल २००४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढची दीड दशके भारतात व्यसनांविषयी बोलताना हेच आकडे उद्धृत होत राहिले. म्हणजे अर्ध्या लोकसंख्येविषयी देश आपल्या मुख्य आकड्यांत गप्पच होता.

नियमित मोजणी नसली की पोकळी कशाने भरते, याचे उदाहरण पंजाबने दिले. पंजाबातले सत्तर टक्क्यांहून अधिक तरुण व्यसनी आहेत, हे विधान अनेक वर्षे भाषणांत, बातम्यांत, अगदी न्यायालयीन कागदपत्रांतही फिरत राहिले. त्याचे मूळ शोधले तर एका विद्यापीठीय अभ्यासापर्यंत जाता येते. त्या अभ्यासात ६०० व्यसनी घेतले होते आणि त्यांपैकी ७३.५ टक्के १६ ते ३५ या वयोगटातले होते. व्यसनींमध्ये तरुण किती याचे ते प्रमाण होते. सांगताना त्याचे तरुणांमध्ये व्यसनी किती असे उलटे वाचन झाले. एका संपूर्ण पिढीवर शिक्का बसला. १८९२ च्या तक्त्यात जे घडले तेच इथे घडले: आकडा मुळापासून सुटला आणि हातोहात फिरताना त्याचा अर्थ बदलला. २०१५ मध्ये दहा जिल्ह्यांत ३,६२० अफूजन्य पदार्थांच्या व्यसनींना गाठून शास्त्रशुद्ध पाहणी झाली, तेव्हा राज्यात अशा व्यसनींची संख्या सुमारे २ लाख ३२ हजार असल्याचा अंदाज आला. सत्तर टक्क्यांच्या तुलनेत हा आकडा लहान आहे, पण प्रश्न लहान नाही. उलट आता तो सोडवता येण्याजोगा दिसू लागला. त्यांतल्या ८० टक्क्यांहून अधिक जणांनी सोडण्याचा प्रयत्न केला होता आणि मदत मिळाली होती ती सुमारे ३५ टक्क्यांना. सगळी पिढी बिघडली आहे म्हटले की सरकारने करण्यासारखे काही उरत नाही. सव्वादोन लाख माणसांना औषध हवे आहे म्हटले की किती दवाखाने, किती डॉक्टर, किती गोळ्या याचा हिशेब मांडता येतो.

डिसेंबर २०१६ मध्ये ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने सरकारला राष्ट्रीय पाहणी करून आकडेवारीचा साठा तयार करण्याचा आदेश दिला. डिसेंबर २०१७ ते ऑक्टोबर २०१८ या काळात पाहणी झाली. १८६ जिल्ह्यांतल्या २,००,१११ घरांत १० ते ७५ वयाच्या ४,७३,५६९ स्त्री-पुरुषांच्या मुलाखती झाल्या. बेकायदा पदार्थांच्या व्यसनींसाठी १२३ जिल्ह्यांत ७२,६४२ जणांना त्यांच्याच ओळखीपाळखीच्या साखळीतून गाठले गेले. या साखळीतून संख्या काढण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. समजा एका जिल्ह्यातल्या केंद्रांत वर्षभरात हजार व्यसनींनी उपचार घेतल्याची नोंद आहे. साखळीतून भेटलेल्या व्यसनींना विचारले की तुम्ही यंदा तिथे गेला होता का, आणि शंभरांपैकी पाच जण हो म्हणाले. तर हजार हा एकूण संख्येचा पाच टक्के हिस्सा ठरतो आणि एकूण संख्या वीस हजारांच्या आसपास येते. म्हणजे जे उपचाराला कधीच आले नाहीत त्यांची संख्या काढायलाही उपचार केंद्राची नोंद नीट असावी लागते. केंद्रातल्या समुपदेशकाने थकून अर्धवट भरलेला कागद दूरवरच्या हजारो अनोळखी माणसांचा अंदाज बिघडवतो. या पाहणीतून दारू घेणारे १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी, आणि अफूजन्य पदार्थ घेणारे २.१ टक्के निघाले. ज्यांच्या बाबतीत अफूजन्य पदार्थांचे सेवन समस्येच्या पातळीला पोहोचले आहे असे सुमारे ७७ लाख लोक असल्याचा अंदाज आला, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक ज्या मोजक्या राज्यांत आहेत त्यांत महाराष्ट्र आहे. हुंगण्याची द्रव्ये घेण्याचे प्रमाण मोठ्यांपेक्षा १० ते १७ वयाच्या मुलांत जास्त असल्याचेही इथेच स्पष्ट झाले.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आक्षेप असा की, दारात आलेल्या अनोळखी माणसाला कोणी खरे सांगत नाही. सून सासूसमोर बोलणार नाही, मुलगा बापासमोर बोलणार नाही, मग या आकड्यांना अर्थ काय? लपवाछपवी होते यात वाद नाही. पण तिची दिशा ठाऊक असते: लोक सेवन कमी करून सांगतात, वाढवून नव्हे. त्यामुळे निघालेला आकडा ही खालची मर्यादा समजून वापरता येतो. फुटपाथवरचे, तुरुंगातले, वसतिगृहातले लोक घरोघरच्या पाहणीत सुटतात म्हणूनच साखळीची आणि उपचार केंद्रांची माहिती जोडावी लागते. दुसरा आक्षेप तुलनेचा आहे. २००१ मध्ये ०.७ टक्के आणि २०१८ मध्ये २.१ टक्के, म्हणजे अफूजन्य पदार्थांचे सेवन तिप्पट झाले असे म्हणता येईल का? नाही, आणि ते स्पष्ट सांगायला हवे, कारण पहिल्या पाहणीत स्त्रिया नव्हत्या, वयोगट वेगळा होता, पद्धतही वेगळी होती. मात्र हा दोष मोजणीचा नाही, मोजणी सतरा वर्षे न करण्याचा आहे. अमेरिकेत घरोघरची अशी पाहणी १९७१ मध्ये सुरू झाली आणि गेल्या तीनेक दशकांपासून ती दरवर्षी होते. २००२ मध्ये पद्धत बदलली आणि उत्तर देणाऱ्याला मानधन देणे सुरू झाले, तेव्हा त्या यंत्रणेनेच आधीच्या आकड्यांशी तुलना करू नका असे बजावले. सलग मोजणाऱ्याला असा खंड एका वर्षाचा पडतो. आपल्याला तो पिढीचा पडला.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि इतिहास त्याच्या बाजूने उभा आहे. सरकारजवळ व्यसनींची यादी गेली की ती कधी ना कधी पोलिसांच्या हाती जाईल, ही भीती अनाठायी नाही. १८९२ मध्ये पोलिसाचा शेरा वैद्यकीय नोंदीत घुसला होता. उद्या वैद्यकीय नोंद पोलिसांच्या फायलीत घुसू शकते. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४अ मध्ये स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनीला ठरावीक अटींवर खटल्यापासून संरक्षण आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि मादक पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतल्या आणि रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला. कायद्यातली ही दोन आश्वासने राष्ट्रीय आकडेवारीचा पाया आहेत. ती ढिली पडली तर केंद्रात येणारा खोटे नाव आणि खोटी हकिगत सांगेल, किंवा येणारच नाही, आणि मग उपचारही बुडतील नि मोजणीही. म्हणून नाव केंद्राच्या कपाटात राहावे आणि वर फक्त निनावी माहिती जावी, हा नियम शिष्टाचार म्हणून नव्हे तर मोजणीच्या अचूकतेची अट म्हणून पाळला गेला पाहिजे.

चौथा आक्षेप पैशांचा. ३८ पैकी ३७ जणांना उपचार मिळत नसतील तर पाहण्यांवर खर्च कशाला, थेट दवाखाने काढा. ऐकायला हे माणुसकीचे वाटते. पण ३७ हा आकडा पाहणीनेच दिला. तिच्याआधी केंद्रे भरलेली दिसत होती आणि भरलेले केंद्र म्हणजे गरज भागली असा समज करून घेणे सोपे होते. २०२० च्या स्वातंत्र्यदिनी सुरू झालेल्या नशामुक्त भारत अभियानासाठी २७२ जिल्हे निवडले गेले, तेव्हा याच पाहणीचा आधार घेतला गेला. पैसा कुठे जावा हे आकड्यांनी ठरवले नाही तर ते आरडाओरड, निवडणुका आणि जप्तीच्या बातम्या ठरवतात. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निवडलेल्या १२ राज्यांत आपले राज्य नव्हते. गडचिरोलीतली मोहाची दारू, मुंबईतल्या रेल्वे स्थानकांभोवतीची मुले आणि ऊसपट्ट्यातल्या शेतमजुराची देशी दारू हे तीन वेगळे प्रश्न आहेत, आणि राज्याची एकच सरासरी त्यांना एकत्र कालवून टाकते. लीग ऑफ नेशन्सच्या सहा शेरांनी आसाम आणि बाकीचा देश यांच्यातले अंतर दाखवले खरे, पण गिरणगावचे बाळ दाखवले नाही. जिल्हा पातळीवर, स्त्रियांसह, वयोगटानुसार मोजल्याखेरीज असे अंतर दिसत नाही.

यातून करायच्या गोष्टी स्पष्ट होतात. जनगणनेला जसे ठरलेले वर्ष असते तसे या पाहणीलाही असावे, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागणार नाही. दोन पाहण्यांच्या मधल्या काळात उपचार केंद्रांची निनावी माहिती दरवर्षी प्रसिद्ध व्हावी आणि ती भरणाऱ्या समुपदेशकाला त्यासाठी वेळ, प्रशिक्षण आणि पगार मिळावा. मोजणीची सूत्रे आरोग्य आणि समाजकल्याण यांच्याकडे असावीत. अबकारी आणि पोलीस यांचे आकडे सोबत वाचले जावेत, पाहणीच्या आकड्यांच्या जागी नव्हे. आणि प्रत्येक पाहणीतल्या काही नोंदी १८९३-९४ च्या कमिशनप्रमाणे मुळापासून तपासल्या जाव्यात. गांजाच्या कमिशनने २२२ मधून १२४ नावे वगळली तेव्हा त्या प्रत्येक नावामागचा माणूस निदान एकदा नीट पाहिला गेला, त्याच्या घरच्यांना कोणीतरी विचारले. साम्राज्याच्या नोकरांना जे एका वर्षासाठी जमले ते प्रजासत्ताकाला दर काही वर्षांनी जमायला हवे. दारूवरच्या उत्पादन शुल्काचा दर महिन्याचा हिशेब राज्ये आजही चुकवत नाहीत. ज्या पदार्थातून उत्पन्न मिळते त्याची मोजणी नियमित आणि त्याच पदार्थाने आजारी पडलेल्यांची मोजणी सतरा वर्षांतून एकदा, हे गणित तोडणे हाच व्यसनमुक्तीच्या कोणत्याही मोहिमेचा पहिला प्रामाणिक टप्पा आहे.